तारवाचं तोंड कुणीकडे

फ्रीगंज, उज्जैन
२ सप्टेंबर १९५६

भय्यासाहेबांस,

गोपाळ पेंटरचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आठवडाभर शिडीवर उभं राहून कंबर धरली आहे. उभ्यानंच घेऊन टाका.

तुमचं पत्र काल मिळालं. रंगमंचाचा दर्शनी पडदा पुसून नव्याने रंगवावा, असा हुकूम. हुकूमच म्हणतो, कारण तुम्ही पुण्याला लेकाकडे, श्रीकांतकडे राहायला गेलात तरी आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अजून तुम्हीच आहात, आणि सभागृहाच्या दारावर तुमच्या नावाची पाटी माझ्याच हातची आहे. मधुकर सेक्रेटरीने तुम्हाला काय काय कळवलं ते मला ठाऊक नाही. म्हणजे आहे ठाऊक. पत्र पेटीत टाकताना तो बँकेतल्या परुळेकरांना सगळं वाचून दाखवत होता आणि मी समोर बँकेच्या पाटीवर 'क' काढत होतो. माझे कान तिखट, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. विंगेत उभं राहून वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग केलं ते उगाच नाही. नट वाक्य विसरायच्या आधी त्याचा श्वास अडखळतो, तो मला ऐकू येतो.

तर झालं असं. जुलैत तुम्ही लिहिलंत की नव्या सभागृहाला साजेसा पडदा हवा. त्यावर समुद्र, समुद्रात तारू, तारवात आपली मराठी मंडळी, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दीपस्तंभ. तारू इथून निघालंय आणि तो दिवा त्याला तिकडे बोलावतोय. खाली अक्षरं: 'परतीची वाट'. नमुन्याचं चित्र मागाहून पाठवतो म्हणालात.

तुमच्या मनातलं समजायला कान लागत नव्हते. मध्यभारत राज्य आता जाणार, कचेऱ्यांतून मराठी आधीच गेली, तेव्हा आपल्या लोकांनी गाशा गुंडाळून आपल्या मुलखात जावं, हे तुम्ही मंडळाच्या ओट्यावर बसून, छत्रीने भिंतीवरचा नकाशा दाखवत दाखवत, सबंध वर्ष सांगत होतात. ती छत्री तुम्ही पावसातसुद्धा कधी उघडली नाहीत. स्टेशनवर निघतानाही बंद छत्रीने आम्हाला डबा दाखवलात आणि स्वतः भिजलात.

पण मला वेळ कुठला? एक नोव्हेंबरच्या आत सगळ्या कचेऱ्यांच्या पाट्या बदलायच्या आहेत. 'मध्यभारत शासन'चं 'मध्यप्रदेश शासन'. म्हणजे 'मध्य' ठेवायचं आणि 'भारत' पुसायचं. शिडीखालून जाणारा प्रत्येक जण विचारतो, "क्यों पेंटर साब, भारत ही मिटा दिया?" अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं तेव्हा याच पाट्यांवरचं 'ग्वालियर' मी पुसलं होतं. माझं घर त्या पुसण्यावर उभं राहिलं, हे मी लपवत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात माझी आई पोळ्या लाटायची आणि मी तिच्या राखेत बोटाने अक्षरं काढायचो. तिथून इथवर आलो तो दुसऱ्यांची नावं लिहीत नि पुसत.

म्हणून पडदा जयूला दिला. माझी मुलगी म्हणून दिला नाही. मी अक्षरांचा माणूस, आकाश काढलं तर तेही पाटीसारखं सपाट येतं. तिच्या आकाशात वारा असतो.

तिने तुमचं पत्र वाचलं, 'दीपस्तंभ' वाचलं, कागद-पेन्सिल घेतली आणि सरळ हरसिद्धीला गेली. आता बोला. उज्जैनात जन्मलेल्या पोरीला दीपस्तंभ म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? देवळासमोरचे ते दोन उंच खांब, तेलाने काळे पडलेले, अंगभर दिव्यांसाठी हात फुटलेले. आपण घरात त्यांना दीपमाळ म्हणतो, पण अख्खं गाव दीपस्तंभ म्हणतं. तुमचं ते इंग्रजी कॅलेंडरातलं चित्र टपालात रेंगाळत पोचलं तेव्हा पडद्यावरचा समुद्र वाळलाही होता. भैरवगढच्या रंगाऱ्यांकडची नीळ सरसात कालवून केलेला समुद्र. त्याच्या काठावर हरसिद्धीचा दीपस्तंभ, आणि तारू त्याच्याकडे तोंड करून. दुसरं करणार काय? दिवा इथला, तर तारू इथेच येणार.

चूक झाली म्हणा. मी नाही म्हणत नाही. पण पडदा बघितल्यावर माझं मत असं झालं की ही चूक दुरुस्त करायला मी हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.

बाकी जयूची आई कुसुम मजेत. तुमच्या अक्काही मजेत, तुमच्याबरोबर पुण्याला आल्या नाहीत याचा त्यांना पश्चात्ताप झालेला दिसत नाही.

शिडीवरचा,
गोपाळ

ता. क. तारवाच्या पुढच्या टोकाला एक माणूस उभा करायची जागा जयूने सोडली आहे. कोण ते अजून सांगत नाही.

•

फ्रीगंज
१९ सप्टेंबर १९५६

भय्यासाहेब,

तुमचं उत्तर आलं आणि ते जयूच्या हातात पडलं. पत्र माझ्या नावाचं होतं, पण टपाल तीच घेते. तेव्हा "पोरीचा छंद घरच्या भिंतीवर ठेव" हे वाक्य जिच्यासाठी नव्हतं तिनेच आधी वाचलं. मागच्या न्हाणीत जाऊन तिने सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या पाट्यांच्या डब्यांमागे ठेवून दिले. भय्यासाहेब, ब्रश धुण्याचा आवाज मी जन्मभर ऐकलाय. काम संपल्यावर धुतात तेव्हा पाणी सावकाश पडतं. हा आवाज तसा नव्हता.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण आता पडद्याचं भांडण कशाचं आहे ते तुम्हाला कळलेलं बरं. पडदा पुसला तर ते ब्रश फडक्यातच राहतील.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही लिहिता, सागरचित्रांत दीपस्तंभ म्हणजे अढळ निष्ठा, आशा, स्वगृह. जहाज म्हणजे जीव, वादळ म्हणजे प्रारब्ध. विलायतेतल्या चित्रकारांनी हे संकेत पिढ्यानपिढ्या पाळले, त्यात देवळाची दीपमाळ घुसडणं हास्यास्पद. छान लिहिलंय. मी ते मंडळाच्या सभेत मधुकरकडूनच वाचून घेतलं. त्याचा आवाज असल्या मजकुराला शोभतो. सगळे गंभीर झाले. मग सुधाकर परुळेकर, ते बँकेत नवे आलेत ते, वेंगुर्ल्याचे, जरा खाकरले.

म्हणाले, "माफ करा हां, पण लाइट हाउसकडे होडी कोणी नेत नाही."

मधुकर म्हणाला, "म्हणजे?"

"नेली तर फुटते. आमच्या समुद्रातला दिवा खडकावर असतो. तो सांगतो, इथे खडक आहे, लांबून जा."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुमच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, "म्हणजे आमचा भय्या पुण्यातून दिवा दाखवतोय, तो 'येऊ नका' म्हणून?"

इतकं हसले सगळे की बाहेरचा टांगेवाला आत डोकावला. मधुकर लाल झाला. "अक्का, अहो ते प्रतीक आहे, प्रतीक!"

"असेल बाबा. पण प्रतीकसुद्धा खडकावर आपटलं तर फुटतच असेल ना?"

मी हसलो नाही. खोटं कशाला, हसलो. पण घरी येऊन तुमचं कॅलेंडरचं चित्र पुन्हा काढून बसलो. फेसाळलेला समुद्र, पांढरा मनोरा, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी शाल घेतलेली एक बाई समुद्राकडे बघत उभी. तुम्ही जहाज बघितलंत, मनोरा बघितलात, संकेत बघितलेत. ती बाई तुम्ही सोडून दिलीत. मला वाटतं चित्रकाराने चित्र तिच्यासाठी काढलंय. तो स्वतःही तिच्यासारखाच किनाऱ्यावर बसलेला असणार. वल्हं मारणाऱ्याला तो दिवा भीती दाखवतो, पण मागे राहिलेल्याला तो घरासारखा दिसतो, कारण तो त्याच्या घरचाच असतो. तुमची आशा नि निष्ठा आहे ना, ती त्या बाईची आहे. जहाजातल्यांची नाही.

आणि दिवा लावणारा कधी जहाजात बसत नाही, भय्यासाहेब. बसला तर दिवा कोण लावणार?

आमचा हरसिद्धीचा दीपस्तंभ तर खडकाबिडकाचं काहीच सांगत नाही. तो एवढंच म्हणतो, या. नवरात्रात माणसं तेलाचे डबे घेऊन त्याच्यावर चढतात, राम घाटाकडून येणाऱ्याला लांबून उजेड दिसतो आणि त्याची पावलं भराभर पडायला लागतात. तेव्हा तुमच्याच संकेताप्रमाणे बोलवायचं काम ज्या दिव्याला येतं, तो जयूने काढला. चूक तिची की तुमची, ते पुण्यातल्या विद्वानांना विचारून कळवा.

एक बारीक गोष्ट. जुलैच्या पत्रात तुम्ही "आपल्या उज्जैनला" लिहिलं होतंत. या पत्रात "तुमच्या उज्जैनला" आहे. मी पाट्या लिहिणारा, एक अक्षर बदललं तरी मला दिसतं. आणि ऐकूही येतं.

सभेने ठराव असा केला की दसऱ्यापर्यंत पडदा गुंडाळून ठेवावा. मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. सभागृहाची किल्ली मात्र घरी घेऊन आलो.

गोपाळ

•

फ्रीगंज
८ ऑक्टोबर १९५६

भय्यासाहेब,

तुम्ही मला उत्तर न देता मधुकरला दिलंत. ठीक आहे. मधुकर इंदूरहून पेंटर घेऊन आला तेव्हा ते उत्तर काय होतं ते समजलं.

काल सकाळी दोघे सभागृहाच्या दारात. मधुकर म्हणाला, "गोपाळराव, किल्ली." एरवी तो मला 'पेंटर' म्हणतो. 'गोपाळराव' ऐकल्यावर माझी खात्री पटली की काम वाईट आहे.

मी कुलूप उघडलं. भांडण बाहेर रस्त्यावर कशाला? इंदूरचा माणूस भला होता, राठोड नावाचा, धंद्यातलाच. समोरच्या बँकेच्या पाटीवरचा माझा 'क' बघून म्हणाला, "ये हाथ किसका है?" मी म्हणालो, माझा. तेव्हापासून आमची दोस्ती. त्याने सफेद्याची बादली कालवली, आम्ही दोघांनी मिळून पडदा सोडला. हो, मीही हात लावला. दुसऱ्याने ओढून फाडला असता.

मग मी शिडी आणली, पडद्यासमोर उभी केली आणि वर जाऊन बसलो.

मधुकर म्हणाला, "हे काय?"

मी म्हणालो, "नवरात्र आहे. मी घटी बसलोय."

"गोपाळराव, वरून हुकूम आहे!"

"मी त्याच्याही वर बसलोय. दिसतंय ना?"

असा आमचा तमाशा चाललेला असताना अक्का आणि पाच-सहा बायका आल्या. दसऱ्यासाठी सभागृह झाडायला. त्यांनी पडदा उघडा कधी बघितलाच नव्हता. अक्का दारातच थांबल्या. मग त्यांनी चपला काढल्या. कुणी काही बोलायच्या आत पुढे येऊन, कमरेच्या पिशवीतून कुंकू काढून, पडद्यावरच्या दीपस्तंभाच्या पायथ्याला लावलं आणि हात जोडले. मागून बाकीच्यांनीही जोडले. भय्यासाहेब, तुमच्या समुद्रावर अजून कुंकवाचं बोट आहे.

राठोडने ते बघितलं, ब्रश बादलीत ठेवला आणि कान पकडले. "सेक्रेटरी साब, माताजी के ऊपर सफेदा मैं नहीं मारूँगा. नवरात में तो बिल्कुल नहीं."

झालं. पडदा वाचला. मी शिडीवरून उतरणार, एवढ्यात मागून आवाज आला, "माता नाही ती!"

जयू. माझा डबा घेऊन आली होती. तोंड असं झालेलं की राठोडच्या बादलीपेक्षा मला तिचीच भीती वाटली.

"अक्का, कुंकू कशाला लावलंत? ते लाइट हाउस आहे!"

अक्का म्हणाल्या, "अगं, देवीची दीपमाळ आहे ती. मी काय आंधळी आहे?"

"दीपमाळ बघून काढलंय. पण समुद्रात आहे ना? जहाजासाठी आहे ना? मग ते लाइट हाउसच. पाया पडून वाचवू नका माझं चित्र. भय्यासाहेबांना आवडलं नाही म्हणून पुसायचं, नि तुम्हाला देवी दिसली म्हणून ठेवायचं. चित्र कुणी बघितलंच नाही!"

अक्का माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "गोपाळ, ही कुणावर गेली रे?" मी म्हणालो, "तुमच्याच घरच्या पोळ्यांवर."

पण गंमत पुढेच. जयू तडक घरी गेली, डब्यांमागचं फडकं शोधून घेऊन आली आणि ब्रश सोडले. राठोडच्या बादलीतलाच सफेदा घेतला, त्यात पिवळा मिसळला, आणि दीपस्तंभाच्या माथ्यावरून समुद्रावर लांब, रुंद उजेडाचा पट्टा ओढला, थेट तारवापर्यंत, तुमच्या कॅलेंडरमधल्यासारखा. मग पायथ्याशी काळे खडक काढले. कुंकवाचं बोट तेवढं चुकवलं. बायका कुरकुरल्या, "अगं बाई, देवीच्या पायाशी दगड कशाला?" परुळेकर बँकेतून जेवायला जाताना डोकावले ते तिथेच थांबले. म्हणाले, "आता दिवा खरा झाला. पण मुली, जहाज आता फुटणार हां."

"नाही फुटणार," एवढंच म्हणाली ती. मी विचारलं, कसं? म्हणाली, "बाबा, पडद्याच्या दिवशी बघा."

ती रंगवत होती तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. मग तिने ब्रश धुतले, तेव्हा पाणी सावकाश पडत होतं.

मधुकर तुम्हाला सगळं उलटसुलट करून कळवेलच. मी सरळ सांगतो: पडदा आहे, राहणार. राठोडला आम्ही जेवायला घातलं, तो दसऱ्याला बायकापोरं घेऊन येणार आहे.

गोपाळ

•

फ्रीगंज
१ नोव्हेंबर १९५६

भय्यासाहेब,

आज शेवटची पाटी चढवली. आता गावात एकही 'मध्यभारत' उरलं नाही. उतरलेल्या पाट्या घरी रचून ठेवल्या आहेत, पुन्हा राज्य बदललं तर फळ्या कामाला येतील. कुसुम म्हणते, अशुभ बोलू नका. मी म्हणतो, अठ्ठेचाळीसच्या फळ्या आत्ता वापरल्या ना?

तुमचा राजीनामा पोचला. सभेत वाचला गेला. "माझ्या इच्छेविरुद्ध लावलेल्या पडद्याखाली माझं नाव नको, दारावरची पाटी उतरवावी." सभेने राजीनामा दुःखाने स्वीकारला, असं मधुकरने टिपून ठेवलं. पाटी उतरवायला मला सांगितलं. मी म्हणालो, नाही. दिवसभर पुसतोच आहे, सरकार सांगतं म्हणून पुसतो. हे नाव पुसणार नाही. अध्यक्ष नाही तर नाही, नाव राहील. कुणाला उतरवायचं असेल त्याने शिडी आणावी, आणि गावात शिड्या किती जणांकडे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

आता दसऱ्याचं ऐका. नाटक मधुकरचंच होतं, त्याबद्दल बोलत नाही. पण नाटकाच्या आधी दिवे लावले आणि पडदा उजेडात आला. आपल्यातल्या किती जणांनी समुद्र बघितलाय? परुळेकर सोडले तर बहुतेक कुणी नाही. क्षिप्रेला पूर आला की आम्ही समुद्र म्हणतो. पण त्या दिवशी सगळ्यांनी बघितला. अर्ध्यांना देवी दिसली, अर्ध्यांना लाइट हाउस, आणि दोघांची बाहेर ओट्यावर भांडणं लागली. जयू एका कोपऱ्यात उभी राहून ती भांडणं ऐकत होती आणि चेहरा असा, जसं काही तिच्या लग्नाची बोलणी चाललीत.

तारवाच्या पुढच्या टोकावर माणूस उभा आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात न उघडलेली छत्री. छत्रीने तो दीपस्तंभ दाखवतोय.

तुम्हाला अक्कांनी हे कळवलं, हे मला तुमच्या राजीनाम्यावरूनच समजलं. "त्या चित्रात माझी टवाळी केली आहे," असं आहे त्यात. टवाळी नाही. जयूने तुम्हाला जायला दिलं नाही, एवढंच. खऱ्या स्टेशनवर आम्ही तुम्हाला अडवू शकलो नाही, पण कापड आमचं, नीळ आमची. त्यात तारवाचं तोंड कुणीकडे करायचं ते आम्ही ठरवलं. आता पडदा पडेल तेव्हा तेव्हा तुम्ही येत असाल. नाटक सुरू झालं की पडदा गुंडाळत वर जातो आणि तुम्हीही वर जाता. पण घाबरू नका, अंक संपला की परत खाली.

आणि तुमच्या राजीनाम्यातलं एक वाक्य मी मधुकरकडून दोनदा वाचून घेतलं. त्याला कळेना का. तुम्ही लिहिलंत: "मी इकडे असतो, तर हे होऊ दिलं नसतं."

इकडे, भय्यासाहेब. पुण्यात बसून लिहिताना उज्जैनला 'तिकडे' म्हणायचं असतं. जुलैत 'आपल्या' होतं, सप्टेंबरात 'तुमच्या' झालं, आणि रागाच्या भरात लिहायला बसलात तर 'इकडे' आलं. हाताने खरं बोलून टाकलं. मी विंगेतला माणूस आहे, विसरलेलं वाक्य मला आधी ऐकू येतं.

परुळेकरांनी दसऱ्याला पडद्याजवळ जाऊन खडक तपासले. मग जयूला म्हणाले, "अगं, डावीकडे पाणी खोल ठेवलंयस की!" ती म्हणाली, "मग? बोलावलंय तर वाट नको का ठेवायला?"

तेव्हा या. डावीकडून या. छत्री उघडू नका, नाहीतर चित्र चुकेल.

तुमच्या नावाच्या पाटीवर यंदा दिवाळीला नवा हात मारला आहे.

गोपाळ